नशिबाला किती गुण

माय, आज परतूरच्या दुकानात नर्सिंग कॉलेजची एक मुलगी आल्ती. मी विहिरीवरच्या पंपाची जळकी मोटार खोलून बसलो होतो. ती मोबाईलवरून एकेक वाक्य वाचणार आणि मला ते कितपत पटतं ते मी सांगायचं: पूर्ण, थोडं, की अजिबात नाही. माणूस स्वतःच्या तब्येतीचं किती नशिबावर सोडतो, ते म्हणे असं मोजतात. "काका, 'आजार नशिबात असेल तर तो टळत नाही.' पटतं?" मी म्हणालो, "पोरी, मोटार जळली की गिऱ्हाईक पण नशीबच म्हणतं. मंग मी त्याला वायर दाखवतो." ती हसली. "मग काय लिहू?" "अजिबात न्हाई लिव्ह. बिलकुल न्हाई."

पण वाक्य तुझं होतं, माय. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं का ते मी सांगतो, म्हणून लोक घनसावंगीहून मोटारी आणतात. ते कान तुझ्या चुलीपाशी तयार झाले. भाकरी थापताना तुझी थाप मध्येच तुटायची, हात काखेशी जायचा. "काय दुखून राह्यलं, माय?" "काही न्हाई रे. पाचवीला सटवीनं लिव्हलं ते व्हईल. जेव जल्दी." तू गेल्यावर मावशीनं सांगितलं, छातीत गाठ होती. तू तिला म्हणाली होतीस, "डॉक्टर बाप्या हाय, त्याला कसं दाखवू? आन् पोराला कोन्या तोंडानं सांगू? नशीब म्हणलं की कोनी फुडं इचारत न्हाई." त्या मुलीनं तुला विचारलं असतं तर तू 'पूर्ण पटतं' म्हणून मोकळी झाली असतीस, आणि तुझी लाज, तुझी भीती कुणालाच मोजता आली नसती.

संध्याकाळी तुझी सून भाकरी थापत होती. तंबाखूनं माझ्या गालात आतून पांढरा चट्टा पडलाय. डॉक्टर म्हणतात, तुकडा काढून तपासायला पाहिजे. तिनं विचारलं, "जालन्याला कधी जायचं?" मी म्हणालो, "नशिबात असंल ते व्हईल. तू वाढ." तिची थाप तुटली. मग तिनं ताट वाढून माझ्यापुढं सरकवलं.

माय, नशिबाचं काही न्हाई गं, मला भ्या वाटून राह्यलंय. एवढंच तिला सांगायचं होतं, ते तुला लिहीत बसलो. हा कागद तुझ्यापर्यंत यायचा नाही. तिच्या हातात मात्र देता येईल. ती आत भांडी घासतेय. कागद अजून माझ्या खिशातच आहे.