तुम्ही न घेतलेलं नाव

सर, काल विहारात तुमचा स्मृतिदिन झाला. फोटोला हार घालून झाल्यावर सगळ्यांनी मला पुढे ढकललं, "तुम्ही सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी, तुम्हीच बोला." मी बोलले. तुमची शिस्त, तुमचा कडक इस्त्रीचा शर्ट, रसायनशास्त्र शिकवण्याची तुमची हातोटी, सगळं सांगितलं. माझ्या आधी जो बोलला तो म्हणाला की सरांनी आयुष्यात कधी आपला-परका केला नाही, समाजाच्या मुलांनाही कधी सूट दिली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. मी तिथे खोटं काहीच बोलले नव्हते, पण अर्धंच बोलले होते. माझ्या वयाला मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मला मात्र आज भांडायचं आहे, आणि तुम्हाला उठून जाता येणार नाही याचं मला बरंच वाटतं आहे.

सेक्टर दोनमध्ये तुमचं क्वार्टर आमच्या मागच्याच ओळीत होतं. पोलादाचा कारखाना अजून बांधून पुरा व्हायचा होता. एक भट्टी पेटली होती, दुसरीचं काम चाललं होतं, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज लाल धूळ बसायची. बाबा कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. या हिंदी मुलखात तुम्ही आमच्याच भंडाऱ्याकडचे, आपल्या लोकांमधले पहिले बी.एस्सी., आणि टाउनशिपच्या शाळेत आपल्यातले एकटे मास्तर. विहार म्हणजे तेव्हा एक टिनाचं शेड होतं. तिथे दर रविवारी तुम्ही शिक्षणावर बोलायचात आणि माझी आई, जिला सही करता येत नव्हती, ती पदर सावरून पहिल्या रांगेत बसायची. घरी येऊन ती मला म्हणायची, "पाय, असं बोलता आलं पायजे." तुम्ही आमच्यासाठी नुसते मास्तर नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं. कदाचित जरा जास्तच ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकायला यायची. प्रयोगशाळेची किल्ली तुम्ही हेडमास्तरांकडे जमा करायचात, म्हणून काकूंच्या ओट्याचा एक कोपरा आपला. मला अजून तो दिवस दिसतो. कल्हईवाल्याकडून आणलेला नवसागर आणि खायचा चुना तुम्ही माझ्या तळहातावर ठेवता, म्हणता, चोळ. मी चोळते आणि हुशारी दाखवायला सरळ नाकाशी नेते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वास बंद. तुम्ही माझा हात झटकन खाली मारता. "वास असा घेतेत काय? हातानं ओढ नाकाकडं, थोडा थोडा. रसायन आपला मित्र नाही, बाई." तिकडे काकू पोळी तव्यावर तशीच टाकून खिडकी उघडायला धावतात, "काय लावलं बाप्पा तुमी दोघायनं? घर हाय का कारखाना?" आणि मग तुम्ही हसता. शाळेत तुम्हाला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. त्या वर्षी माझा पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही काचेची कांडी वितळवून तिच्यात तार बसवलेली, ज्योतीत क्षाराचा रंग बघायची एक सळई मला स्वतः करून दिलीत. विकत मिळाली असती त्यापेक्षा जरा वाकडी होती. मी ती उशाशी घेऊन झोपायची.

आपल्या मुलांचे पेपर तुम्ही दोनदा तपासायचात. हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं. दुसऱ्या तपासणीत कुणाचे मार्क वाढले असं कधी झालं नाही, कमी मात्र व्हायचे. एखादा पोरगा रडत घरी गेला तर त्याचा बाप त्यालाच दटावायचा. माझे बाबाही अभिमानानं सांगत, "सर आपल्या लेकरायले एक मार्क फुकट देत नाही." शर्मा, बॅनर्जी, देशपांडे कुणीही असो, त्यांचे पेपर एकदाच तपासले जायचे, आणि यात काही चुकतं आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. उलट, आपला माणूस इतका खरा आहे की आपल्यालाच जास्त कापतो, याचीच आम्ही शेखी मिरवायचो. स्टाफरूममध्ये तुमचा चहाचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे, तेही आम्हाला माहीत होतं. त्यावर तुम्ही कधी काही बोलला नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

मग ते विद्यापीठाचं आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठात महिनाभर शाळेतल्या हुशार मुलांना रसायनशास्त्र शिकवणार होते, बी.एस्सी.च्या वर्गात, बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत, खरे प्रोफेसर. जी मुलं तिथे चमकतील त्यांना पुढे तिथल्याच कॉलेजात प्रवेश आणि फुकट होस्टेल. तुम्ही वर्गात हे सांगितलंत तेव्हा माझ्या कानात जणू गरम हवा भरली. मागे चार भावंडं होती, घरच्या खर्चानं मला सायन्सला घालणं बाबांना झेपणारं नव्हतं. ही एकच वाट होती आणि ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. मुलींच्या राहण्याची वेगळी सोय आहे, हेसुद्धा तुम्हीच चौकशी करून मला सांगितलंत. शाळेनं तीन मुलं उभी करायची, नावं तुम्ही द्यायची, प्रोफेसर येऊन त्यांच्याकडून प्रयोग करून घेणार आणि एकाला निवडणार. "तयार राय," तुम्ही म्हणालात. "तिथं ब्युरेट पकडताना हात थरथरला नाही पायजे." मी काकूंच्या पाण्याच्या बाटलीला रबराची नळी लावून थेंब थेंब सोडायचा सराव केला. आईनं माझी एक साडी धुऊन, घडी घालून बाजूला ठेवली.

एक दिवस मी परीक्षानळ्यांचा स्टँड घेऊन स्टाफरूमवरून जात होते. आतून हेडमास्तरांचा आवाज आला, हसराच होता. "मास्टरजी, वो लड़की तो आपके ही समाज की है ना? तब तो उसका नाम पक्का समझें।" कुणीतरी आणखी हसलं. तुम्ही काय उत्तर देता ते ऐकायला मी थांबले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, सर कशाला उत्तर देतील असल्या बोलण्याला. मी खुशाल पुढे गेले.

प्रोफेसर आले त्या दिवशी तुम्ही मला सकाळीच बोलावलंत. "लॅब लावून दे." मी लावली. तीन जागांवर तीन स्टँड, स्पिरिटचे दिवे, आम्लाच्या बाटल्या, नावाच्या चिठ्ठ्या सरळ रेषेत. कोणत्या जागी उभं राहायचं तेसुद्धा मी मनात ठरवलं होतं, खिडकीजवळची, कारण ज्योतीचा रंग बघायला मागे सावली हवी. प्रोफेसर आत आले, मला म्हणाले, "बहुत अच्छी तैयारी की है बेटी।" मग तीन मुलं आत आली. तिघं. तिन्ही मुलगे, दोन सेक्टर दहाच्या अफसरांचे आणि एक हेडमास्तरांच्या शेजारचा. मी अजून खिडकीजवळ उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "झालं ना तुमचं काम? जा आता, बाहेर थांबा." तुम्ही मला 'तुम्ही' म्हणालात, सर. त्याआधी कधी म्हणाला नव्हता, त्यानंतरही नाही. मी व्हरांड्यात थांबले. आतून काचेचा आवाज येत होता आणि मी वेड्यासारखी वाट बघत होते की कुणीतरी दार उघडून म्हणेल, अरे, चौथी राहिलीच की.

संध्याकाळी मी तुमच्या घरी आले. बाबा ड्यूटीवरून येऊन तसेच, डोक्यावर टोपी, माझ्या मागे आले. त्यांना वाटलं, काही कागद राहिला असेल. तुम्ही पाटावर बसला होता. काकू भात काढत होत्या.

"मले कावून नाही घेतलं, सर?"

"बस आधी. चहा घे."

"चहा नोको. मले कावून नाही घेतलं?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "तुले उभं केलं असतं तं तूच निवडून आली असती. मले माहीत हाय. म्हनूनच नाही केलं." मग तुम्ही बाबांकडे वळलात, जणू मी तिथे नव्हतेच. "उद्या साऱ्या शाळेत झालं असतं, मास्तरनं आपली पोरगी घुसवली. मंग पुढच्या साली आपलं लेकरू कोन घेईन? ही समजदार हाय. हिले समजते."

काकूंनी भाताचं पातेलं दाणकन खाली ठेवलं. "म्हनले असते तं म्हनले असते. आता काय नाही म्हनत? रोजच म्हनून राहिले."

"तू चूप राय," तुम्ही म्हणालात.

मी बाबांकडे बघितलं. कोक ओव्हनच्या धगीत उभा राहणारा माणूस, फोरमनशी भांडलेला, माझा बाप. ते तुमच्यासमोर हात जोडून उभे होते. "सरायनं इचार करूनच केलं असन," ते म्हणाले. "सरायचं नाव खराब नाही झालं पायजे." आणि मला म्हणाले, "चाल." आम्ही घरी आलो. आईनं ती साडी पुन्हा पेटीत ठेवली.

पुढच्या साली आपलं कुणीच गेलं नाही, सर. त्याच्या पुढच्या सालीही नाही. गेले ते बाकीचे, त्यांच्यातलं दरवर्षी कुणी ना कुणी गेलं. आपलं एकही लेकरू तुम्ही तिथे उभं केलं नाहीत, निवृत्त होईपर्यंत. ज्या दाराला धक्का लागू नये म्हणून तुम्ही मला बाहेर ठेवलंत, ते दार तुम्ही आपल्यासाठी कधी उघडलंच नाहीत. मला राग याचा आहे. हेडमास्तरांचा मला राग नाही, तो माणूस जसा होता तसाच वागला, त्याच्याकडून मी काही मागितलं नव्हतं. हातावर चुना चोळून तुम्ही मला शिकवलंत. मी हुशार आहे हे तुम्ही सगळ्यात आधी ओळखलंत आणि त्याच हुशारीचा तुम्ही माझ्याविरुद्ध पुरावा केलात. थोडी कमी हुशार असते तर उभं केलं असतंत का हो? तेवढं एकदा विचारायचं होतं.

मी मास्तरणीचं ट्रेनिंग केलं. जवळच्या उतई गावच्या शाळेत लागले, सकाळची बस, संध्याकाळची बस, गणित आणि 'सामान्य विज्ञान'. पाण्याच्या तीन अवस्था शिकवत माझी उमेद गेली, असं म्हटलं तर कुणाला नाटकी वाटेल, पण खरं आहे. तुम्ही रस्त्यात भेटायचात. मी पाया पडायची. तुम्ही विचारायचात, "बरं चाललं?" मी म्हणायची, "बरं हाय, सर." तुमच्या मातीला आले, विहारात रडलेसुद्धा. त्यात ढोंग नव्हतं.

तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी मी उतईला हेडमास्तरीण झाले. हुशार मुलांच्या एका विज्ञान शिबिरासाठी शाळेतून एकच नाव द्यायचं होतं. सगळ्यात पुढे होती ती आपल्यातलीच, माझ्या आतेबहिणीच्या घराजवळ राहणारी, गावात सगळ्यांना माहीत. मी क्षणभरही थांबले नाही. तिचंच नाव दिलं, आणि देताना मनात तुम्हाला म्हटलं, बघा, असं करतात.

आणि लोक बोलले, सर. तुम्ही म्हणाला होता अगदी तेच शब्द, फक्त हिंदीत. "मैडम ने अपनी वाली को भेज दिया।" तक्रार झाली, चौकशी झाली. ज्यांच्या घरच्या लग्नात मी वाढायला उभी राहिले होते त्या बायका स्टाफरूममध्ये मी आले की गप्प व्हायच्या. मी डबा वर्गातच खायला लागले. पोरगी शिबिराला गेली, पुढे शिकली, तिच्यासाठी मी ते पुन्हा करेन, हजारदा करेन. पण लोकांचं बोलणं अंगावरून जाईल असं मला वाटलं होतं, ते गेलं नाही. ते आत जाऊन बसलं.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, लक्ष देऊ नको. मला लक्ष देऊ नको म्हणणारं माणूस नको होतं. हे कसं सोसायचं, डबा कुठे बसून खायचा, दुसऱ्या दिवशी त्याच दारातून आत कसं शिरायचं, हे विचारायचं होतं. माझ्या ओळखीत ते माहीत असलेले तुम्ही एकटेच होता, आणि त्या महिन्यांत मला तुमची फार आठवण आली.