मुलाच्या नावावर बापाची दारू

प्रति,
मा. विद्यार्थी कल्याण अधिकारी मॅडम,
पदवी महाविद्यालय, सप्तापूर, धारवाड.

विषय: विद्यार्थ्यांची दारू रोखणाऱ्या मोबाईल संदेशांतून माझा क्रमांक न वगळण्याबाबत.
संदर्भ: दि. १० रोजी आपल्या कार्यालयातून आलेला फोन.

महोदया,

मी खाली सही करणारा धोंडिबा मिराशी, वय ५७, अळणावरजवळच्या पंचायतीत शिपाई आहे. माझा मुलगा महेश सप्तापुरात खोली घेऊन आपल्याकडे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आपल्या या संदेशांच्या उपक्रमाच्या फॉर्मवर त्याने स्वतःच्या नावापुढे माझा मोबाईल क्रमांक लिहिला. त्यावरून पुढील प्रकार घडला.

१) जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी संदेश आला, ‘नमस्कार महेश, या आठवड्यात किती दिवस दारू घेतलीस?’ नाव पोराचे असले तरी प्रश्न माझ्या माहितीतला होता. कार्यालयीन विचारणेला उत्तर न देणे माझ्या नोकरीत बसत नाही. सबब ‘पाच’ असे खरे कळवले. ‘तुझ्या वयाच्या मुलांपेक्षा हे जास्त आहे,’ असे उलट टपाली समजले.

२) फोनवर लिहिणे मला जमत नसल्याने उत्तर माझी पत्नी कौसल्या टाकत असे. नुसत्या फोनशी मी खोटे बोललो असतो. परंतु ती चष्मा लावून, बोट उचलून, ‘किती टाकू?’ एवढेच विचारून थांबे. या विषयावर आमच्यात आजवर फक्त भांडणे झाली होती. साधा प्रश्न हा पहिलाच.

३) संदेशांतील सूचना मी पाळल्या. गुत्त्यावर जाण्याआधी जेवलो. मित्रांना ‘आज नको, उद्या पेपर आहे’ असे सांगावे, हेही सांगून पाहिले. सुरज गवंडी बराच वेळ हसला, पण त्याने आग्रह केला नाही. पाचाचे तीन झाले, तिनाचा एक, आणि नोव्हेंबरपासून शून्य.

४) या सुधारणेबद्दल आपण महेशला मंचावर बोलावून प्रशस्तिपत्र दिलेत. मुलाने दारूला कधी हात लावलेला नाही. आता वर्गातली मुले त्याला ‘कुडुका’, म्हणजे दारुड्या, अशी हाक मारतात. म्हणून त्याने आपणांस खरे सांगितले, आणि माझा क्रमांक बंद होणार असे मला कळवण्यात आले.

५) मी महेशला विचारले, ‘नंबर चुकला कसा?’ तो म्हणाला, ‘चुकला नाही, अप्पा. मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?’

६) गेल्या शुक्रवारी संदेश आला नाही. आम्ही दोघे फोनजवळ बसून होतो. शनिवारी मी गुत्त्यावर गेलो.

तरी विनंती की, महेशचे नाव सुधारलेल्यांच्या यादीतून काढून वर्गात तसे वाचून दाखवावे, आणि संदेश माझ्या नावाने चालू ठेवावेत. नियमात विद्यार्थीच बसत असल्यास प्रवेशाचा फॉर्म पाठवावा. मी दहावीपर्यंत शिकलो आहे, गणितात राहिलो.

कोणी विचारले नसले तरी गेल्या आठवड्याचे उत्तर ‘एक’ असे नोंदवून घ्यावे. कौसल्येला मी ते आपणहून सांगितले आहे.

आपल्या यादीत राहू इच्छिणारा,
धोंडिबा भरमाण्णा मिराशी
अळणावर, दि. २० जानेवारी २०२५

सोबत: प्रशस्तिपत्र (मूळ प्रत, परत)