यानात अडकलेला मुलीचा बाप

तीर्थरूप ताईस,

वयाने धाकट्या पण घेराने थोरल्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिन्याला घाबरत नसतील, अशी आशा करतो. इकडे सगळे ठणठणीत. फक्त माझा करडा कोट फाटला. कसा, ते पुढे येईलच.

तुझ्या हुकमाप्रमाणे रविवारी त्या अंतराळ संग्रहालयात गेलो. आपल्या चिमीने पसंत केलेला मुलगा तिथल्या तारांगणात लोकांना आकाश दाखवतो (तुझ्या शब्दांत, 'अंधारात बडबडतो'). त्याला गुपचूप पाहायचं, तू आणलेलं बँकेतलं स्थळ डोळ्यांसमोर ठेवायचं आणि ठाम नकार देऊन यायचं, असं आपलं ठरलं होतं. चिमी आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती, घर खायला उठलं होतं. पण तुला शब्द दिला होता ना!

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या आणि एक घुमट. पहिल्याच खोलीत चंद्रावरचं वजन सांगणारा काटा आहे. माझं वजन पहिलीतल्या पोराएवढं भरलं! मी पुन्हापुन्हा उतरून चढलो. (घरी आल्यावर हे ऐकून आमची ही म्हणाली, "मग जेवायलाही तिकडेच जा.") त्या आनंदात शेजारच्या नकली यानात शिरलो. आधी पोट, मग कोट, मग मी. दार धाडकन लागलं आणि काही केल्या उघडेना. गोल खिडकीबाहेर पोरं जमली. त्यांना वाटलं, मी संग्रहालयाचाच. एका चिमुरडीने विचारलं, वर आंघोळ कशी करता? मी दिलं ठोकून, ओल्या फडक्याने, तीही लहर लागली तर! टाळ्याच टाळ्या. खोटं कशाला बोलू, मला मजा येऊ लागली होती.

मग एक तरुण आला. दाराशी खटपट करत म्हणाला, "काका, घाबरू नका, थोडा वेळ लागेल." तेवढ्या वेळात तो मला खिडकीतून सांगत बसला, की हे यान खरंच उडालं तर आधी आपलं छप्पर दिसेल, मग गाव, मग सगळी पृथ्वी, निळी आणि एकटी. ताई, माझे डोळे भरून आले. म्हणाला, खाली कोण वाट पाहतंय? मी म्हटलं, लेक. आणि सगळं सांगून टाकलं: तिने पसंत केलेला मुलगा, माझा नकार, घरातला अबोला. त्याने विचारलं, मग आता? मी म्हटलं, आता कसला नकार, तिला हवा तोच जावई! त्याच क्षणी दार उघडलं, कोट मात्र बिजागरीत अडकून टरकन फाटला. पुढे घुमटात अंधार झाला, तारे लागले, आणि तोच आवाज बोलू लागला. मी खुर्चीतच गार!

तुझा,
भाऊ

ता. क. बँकेतल्या स्थळाला नकार तूच कळव. तू आणलंस, तूच निस्तर. मला त्यांच्या आईची भीती वाटते.

ता. क. २. आत्ताच चिमीने हसत हसत सांगितलं. तिने त्याला माझा फोटो आधीच दाखवला होता, आणि ते दार बाहेरून नुसतं ओढलं तरी उघडतं. ताई, मला एका जागी बसवून ऐकायला लावणं आजवर तुलाही जमलं नाही. असा जावई हातचा घालवायचा का, तूच सांग.