तात्पुरत्या फाइलचे नाव

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार. तुमची पाठदुखी आता बरी असेल, असे धरून चालतो. (फोनवर सांगितली होतीत, वीस मिनिटे.) तुमची ताई जाऊन सात महिने झाले. मी जेवतो, झोपतो, ग्रंथालयात कामावर जातो. काळजी नसावी.

तीही तिथेच कामाला होती; काल तिचे टेबल नव्या बाईंना दिले आणि जुना विषय आठवला. थकीत पुस्तकांची यादी काढताना माझा प्रोग्रॅम डेटाबेसमधल्या नोंदी आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये टाकतो, यादी छापली की ती फाइल पुसतो. त्या फाइलचे नाव मी घड्याळावरून ठेवत असे: तास, मिनिट, सेकंद. एकाच सेकंदाला दोघे बटण दाबतील कशाला, असे मी छातीठोकपणे सांगितले आणि त्याच आठवड्यात ताईने व तिच्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यांनी ते दाबले. दोघांच्या याद्या एकाच फाइलमध्ये मिसळल्या आणि मुख्य ग्रंथपालांच्या सासूबाईंना कुस्तीच्या डावपेचांचे पुस्तक परत करा, असे पत्र गेले.

ताईने तुम्हाला फोन केला, माझ्यादेखत. (प्रोग्रॅम माझा, नवरा मी, आणि सल्ला तुमचा.) तुम्ही म्हणालात म्हणे, की नाव आपण ठरवूच नये, संगणकाकडे मागावे; तो नाव देतानाच फाइल तयार करून हातात ठेवतो, मग ते नाव दुसऱ्याला मिळत नाही. मी म्हटले, आम्हालाही जमते. नावात वेळेऐवजी टेबलाचा क्रमांक घातला, तर तिने एकाच टेबलावरून एकदम दोन याद्या काढल्या. मग एक, दोन असे आकडे देऊन, ते नाव आधीच आहे का, हे तपासून फाइल बनवू लागलो, तर तपासणे आणि बनवणे यांच्या मधल्या क्षणात चष्मेवाले घुसले. दर वेळी ती शांतपणे म्हणे, "एकदा माझ्या भावाला विचारा की." हे वाक्य मी गळक्या नळापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर ऐकले आहे.

शेवटी मी एक पद्धत बसवली आणि गोंधळ थांबला. महिनाभर वाट पाहून ती म्हणाली, "हे माझ्या भावालासुद्धा सुचलं नसतं." चष्मेवाले साक्षीला आहेत. तुम्हाला कळावे, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुमचा,
भाऊजी

ता. क. नवा सर्व्हर आल्यापासून ती पद्धत चालत नाही. जमल्यास रविवारी या.

आणखी एक. पद्धत तुमचीच होती. ताईच्या फोनवर आलेला तुमचा निरोप वाचून मी जशीच्या तशी उतरवली. तिला सांगायचे राहून गेले. पद्धत तुमच्या नावावर करून टाकू. तिचे ते वाक्य मात्र माझ्याकडेच राहू द्या. तुमच्याकडे तशी पुष्कळ आहेत.