सिस्टरांच्या खोलीबाहेरची खुर्ची

३ मार्च
मी खोलीत बसायचं नाही म्हणे! मी! भाचीचा फोन — "मावशी, तू समोर असलीस की सिस्टर पुस्तकासारखं बोलतात." मग कसं बोलावं? भाजीबाजारासारखं?

४ मार्च
जिवाला नुसता घोर. महिनाअखेर भाचीचा इटालियन व्याकरणावरचा प्रबंध द्यायचा आणि शेवटचं प्रकरण अडलंय एका म्हाताऱ्या जिवावर. सिस्टर म्हणजे माझ्या कॉन्व्हेंटातल्या जोगीण, आमच्या इटालियनच्या बाई, जन्मानेही इटालियन. इटालियन कर्मणी प्रयोगाचे सगळे काळ आम्ही त्यांच्या पट्टीच्या धाकाने घोकले. पुढे मीही तेच तक्ते जन्मभर शिकवले.

भाची म्हणते, ते तक्ते जुन्या पंडितांनी लॅटिनच्या साच्यात कोंबलेले. 'दार बंद केलेलं आहे' हे त्यांनी बेधडक वर्तमानकाळाच्या खान्यात टाकलं. नंतरचे भाषाशास्त्रज्ञ भांडायला उठले — यात दार लावतंय कोण? ही तर दाराची अवस्था! लावण्याची क्रिया सांगायची तर इटालियन माणूस 'येणे' जोडतो: दार बंद 'येतं'. तिसरे म्हणतात, पुस्तकं मिटा, लोक घरी काय बोलतात ते ऐका. म्हणून सिस्टर हव्यात — घरच्यासारख्या बोलणाऱ्या.

आणि त्यांची आठवण रोज थोडी विरतेय. वृद्धाश्रमातली नर्स म्हणाली, "आज ओळखतात, उद्याचं सांगता येत नाही, ताई."

७ मार्च
तरी गेलेच आत. कोण अडवतं बघू! भाचीने उठून दार लावलं आणि विचारलं, "काय झालं आत्ता?" सिस्टर ताठ बसल्या, माझ्याकडे पाहिलं आणि 'बंद करणे'चे सगळे काळ ओळीने म्हणून दाखवले. सवयीने मी मान डोलावली. भाचीने रेकॉर्डर बंद केला.

८ मार्च
सिस्टरांना ताप. नर्सला दोनदा फोन करून विचारलं.

११ मार्च
ताप उतरला. निमूट बाहेर बसले. खुर्चीही डुगडुगणारी — शिक्षाच! आतून हसू ऐकू आलं. सिस्टर हसतात? आमच्या वर्गात भिंतसुद्धा हसत नसे! मग भराभर काहीतरी त्यांच्या इटलीतल्या गावाकडचं बोलणं. मला ओ की ठो कळेना.

भाची डोळे पुसत बाहेर आली. "मिळालं, मावशी!"
"मग बरोबर कोण? पंडित की नंतरचे?"
"दोघंही अर्धे. सिस्टर तिसरंच बोलतात. त्यांच्या गावाकडे सरळ 'लावलं कुणीतरी दार' म्हणतात, कर्मणी क्वचितच!"

१२ मार्च
भाचीने रेकॉर्डिंग ऐकवलं. सुरुवातीचं मात्र आमच्या पुस्तकी इटालियनमध्ये, शब्दन् शब्द कळलं. सिस्टरांचा दबका आवाज: "ती गेली ना बाहेर? दार नीट लाव, मुली. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी ती. तिच्यापुढे बोलायची मला फार भीती वाटते."