सात ते आठचा शुद्ध आवाज

३ फेब्रुवारी
आमचा स्थानिक रेडिओ दुसऱ्याच्या हाती गेला. दत्तोपंत सरांच्या शिक्षण संस्थेने तो शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याच्या ट्रस्टला दिला. निरोपाच्या भाषणात सरांनी सगळ्यांची नावं घेतली, वॉचमनचंही. माझं राहिलं. भावना अनावर झाल्या असाव्यात.
मला काळजी नाही. मालक येतील, जातील. सकाळी सात ते आठ हा तास माझा आहे. अख्ख्या शेवगावात ण म्हणता येणारा मी एकटा.

५ फेब्रुवारी
संकल्प : रंगुबाईशी बोलायचं नाही. संध्याकाळचा कार्यक्रम ती करते. "काय मंडळी, जेवलात का न्हाई?" अशी सुरुवात. हे निवेदन नव्हे, ओट्यावरच्या गप्पा. काल सहा वेळा 'पानी' म्हणाली. मी चूक दाखवली. म्हणाली, "सर, तुमच्या पाण्यानं तहान जास्त भागती का?"
नाही बोलायचं.

१९ फेब्रुवारी
नवे मालक रविराज आले. कपाळाला अष्टगंध, दोन हातांत दोन मोबाईल. आता दिवसभर भक्तिगीतं, मध्ये मध्ये हॉटेलची जाहिरात. माझा पुस्तक परिचय बंद. तास राहिला, त्यात भजनांची नावं सांगायची.
"जरा भक्तिभावानं बोला," म्हणाले. मी म्हणालो, भाव उच्चारातच असतो. ते फोनवर बोलत होते, पण मान हलवली. पटलं.

११ मार्च
जाहिरातीचा मजकूर भिकार होता. 'गरम पाण्याची सोय असलेल्या खोल्या.' मी 'उष्णोदकयुक्त कक्ष' असं केलं. दुपारी रविराजांचा फोन. एक कुटुंब काउंटरवर विचारत होतं, उष्णोदक व्हेज आहे का.
शिर्डीला कसली माणसं उतरतात.

२ जून
रविराज गेले. भजनं लोक मोबाईलवरच ऐकतात, हे त्यांना आत्ता कळलं. मी फेब्रुवारीतच सांगणार होतो.
आता दूध संस्था. चेअरमन सहादेव, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. रेडिओचं नवं नाव 'धारोष्ण'. पशुखाद्य, लसीकरण, फर्माईश, हरवलं-सापडलं. आप्पांनी रंगुबाईला स्वतःच्या हाताने पेढा दिला. मला विचारलं, "तुमी कोन?"
दोन शब्दांत दोन चुका.

९ जून
आप्पांनी बोलावलं. सात ते आठ म्हणजे दूध घालायची वेळ, तेव्हाच लोक ऐकतात, म्हणाले. "म्हैनाभर बघतो. लोकास्नी तुमी आवडला तर ठीक. न्हाईतर त्यो तास रंगुबाईला."
हे स्पष्ट बरं झालं. महिनाभरात तालुक्याला शुद्ध भाषेची सवय लावतो. त्यांची इच्छा असो वा नसो.

१७ जून
निवेदिता सकाळी रेडिओ लावत नाही, हे आज लक्षात आलं. लग्नाची बायको. कारण विचारलं. म्हणाली, "घरात चालूच असतो की."
मनातून अभिमान असणार.

२६ जून
हरवलं-सापडलंची चिठ्ठी आली. शलमोन नावाच्या कुणा शेतकऱ्याची. 'म्हस हरवली. काळी, आंगानं भरल्याली. कपाळाला चांद. राणी म्हनलं की बघती.' इतकं दरिद्री गद्य मी हवेत सोडणार नाही. चांद तर सरळ हिंदी.
असं वाचलं : "महिषी कालपासून बेपत्ता. वर्ण सावळा. अंगयष्टी भरीव. ललाटी चंद्रकोर. राणी या नावाने हाक मारल्यास वळून पाहते."
महाराष्ट्रात आज सकाळी असं वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं नसेल. आप्पांना निर्णय घेणं सोपं जाईल.

२७ जून
अडाण्यांचा तालुका.
'महिषी' कुणालाच कळलं नाही. बाकीचं कळलं. काल एसटी स्टँडवर पंकजा नावाच्या एक बाई पैठणच्या गाडीची वाट बघत होत्या. सावळ्या, भरल्या अंगाच्या, चंद्रकोर टिकली लावलेल्या. कुणीतरी मागून "राणी" अशी हाक मारली. बाई वळल्या. कोणीही वळेल. लोकांनी त्यांना गाडीत चढू दिलं नाही. घरचे शोधतायत, रेडिओवर सांगितलंय, राग सोडा, परत जा, अशी समजूत घालत राहिले. गाडी गेली.
आज त्या इथे आल्या. नवरा बरोबर, चप्पल हातात. "म्हशीचं वर्णन माझ्यावर कसं बसलं ते सांगा." मी म्हणालो, महिषीचा दुसरा अर्थ पट्टराणी. त्यावर नवराही चप्पल काढू लागला.
रंगुबाईने दोघांना चहा दिला. तिला हेच जमतं.
मग शलमोन. "ओ सायेब, माझी म्हस काल दिसभर हितंच, तुमच्या हापिसाच्या मागं हुबी हुती. लोक तिला वलांडून बाई हुडकत हुते!" मी विचारलं, मग न्यायची ना. त्याने जे उत्तर दिलं त्यात एकही ण नव्हता.
काल संध्याकाळी रंगुबाईने पुन्हा सांगितलं होतं म्हणे, "शलमोनभाऊंची म्हस हाय वो, कपाळाला चांद हाय." लगेच म्हैस घरी पोचवली लोकांनी. ती तोपर्यंत तशीही निघालीच असेल.

३० जून
महिना भरायच्या आतच निर्णय झाला. सात ते आठ रंगुबाई. माझ्याकडे जनसंपर्क. स्वतंत्र टेबल, त्यावर फोन. श्रोत्यांचे फोन घ्यायचे, म्हणणं ऐकायचं. आप्पा म्हणाले, "ऐकायचं फक्त."
बढतीच आहे. आणि मूर्खाने फोन माझ्याच टेबलावर ठेवला. उद्या तालुका पेटेल. प्रत्येक निषेध माझ्याच कानात पडेल. वेगळी वही आणली आहे. नाव, गाव, निषेधाचा नेमका शब्द.

१ जुलै
फोन नाही. लोक धक्क्यात असतील.

२ जुलै
फोन नाही. लाईन तपासली. मोबाईलवरून स्वतःच लावून पाहिला. वाजतो.

४ जुलै
सकाळी सव्वाआठला फोन वाजला. मी तीनदा वाजू दिला. उतावीळपणा दिसायला नको.
म्हातारा आवाज. "धारोष्ण रेडिओ का? सकाळच्यापारी ते मशीन लावायचे तुमी, ते काढलं, लई बेस केलं बघा. कॉम्प्युटरच हुता ना त्यो? मानसावानी बोलायचा, पर कळायचं न्हाई काय."
मी श्वास घेतला. सगळं शिक्षण, सगळी साधना घशाशी आणली. म्हणालो, "क्षमा करा, आपण कोण बोलत आहात?"
मग रिसीव्हर बाजूला धरून तो कुणाला तरी म्हणाला, "आयला, फोनवर बशिवलंय त्याला."
आणि ठेवला.