एकशे दहा नंबरचा जेट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा दुचाकी दुरुस्ती, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी पत्नी, सकाळपासून तिच्या बहिणीकडे गेली आहे. माझ्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही असे डॉक्टर म्हणतात. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे व्हॉल्व्ह घासून बसवले, त्यामुळे हे ऐकून मला हसू आले. डॉक्टरांना आले नाही. डोके मात्र शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. गॅरेज आणि त्यावरच्या दोन खोल्या पत्नीला. तिच्या हयातीत त्या कोणी विकू नयेत. मागच्या खिडकीची कडी मी वर्षानुवर्षे "उद्या करतो" म्हणत ठेवली आहे. ती मुलाने पहिल्या आठवड्यातच बसवावी.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलाला. तो ऑफिसात काम करतो, संध्याकाळी हात स्वच्छ घेऊन घरी येतो, याचा मला बरीच वर्षे राग होता. आता नाही. त्याने एकदा विचारले होते, "बाबा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी गाडीच का घेत नाही?" त्याचे उत्तर म्हणून पुढचे कलम त्याने दोनदा वाचावे.

कलम ३. माझी मोटारसायकल: दीडशे सीसी, एक सिलिंडर, लाल रंग, छोटी स्पोर्ट गाडी, सतरा वर्षांपूर्वी नवी घेतलेली. घेतली तेव्हा लिटरला पंचेचाळीस किलोमीटर द्यायची आणि ताशी एकशे दहाला तिला धाप लागायची. आज ती लिटरला अठ्ठावन्न देते आणि मोकळ्या रस्त्यावर एकशे बावीसला जाते. लोक म्हणतात, पळवायची तर पेट्रोल पिणार आणि वाचवायचे तर रडतखडत चालणार. लोकांना काय कळते? जे पेट्रोल नुसते तापण्यात वाया जाते ते चाकापर्यंत पोचवले, की वेगही मिळतो आणि मायलेजही. मी ते पोचवले.

त्यासाठी लेथवाल्याकडून इंजिनाचा हेड अर्धा मिलिमीटर तासून घेतला. हवा आत येण्याच्या मार्गातली खरखर बोटाला लागेनाशी होईपर्यंत हाताने घासली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवते त्या दातेरी चकतीचे, दोन दात कमी केले. बारा किलो वजन उतरवले. त्यावर पत्नी म्हणाली होती, "अहो, एवढंच करायचं होतं तर आधी स्वतःचं पोट उतरवायचं." तेही मी उतरवले, चार किलो, आणि ते वरच्या बारांत धरलेले नाहीत.

सायलेन्सर हलका केला, पण आवाज वाढू दिला नाही. समोरच्या टायरवाल्याने स्वतःचा सायलेन्सर पोकळ करून सगळ्या गल्लीचे कान किटवले आणि वर मलाच विचारले, "तुमची गाडी आजारी आहे का? आवाजच येत नाही." माझा काढून ठेवलेला मूळ सायलेन्सर मी त्यालाच देत आहे. त्याने तो बसवावा आणि गल्लीचे आशीर्वाद घ्यावेत.

टाइमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी केव्हा पडावी ते, मी स्वतः लावले आहे. ते अचूक आहे. त्याला कोणीही हात लावू नये.

कलम ४. हे कलम लिहिण्यासाठीच मी कागद घेऊन बसलो आहे.

ही गाडी मी एकट्याने केलेली नाही. पहिली पाच वर्षे माझा धाकटा भाऊ बरोबर होता. गिऱ्हाइके आम्हाला थोरले मेस्त्री आणि धाकटे मेस्त्री म्हणत. हेड आणि कार्ब्युरेटर माझ्याकडे, टाइमिंग त्याच्याकडे. तो नुसता आवाज ऐकून टाइमिंग लावायचा. त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आज पहिल्यांदा कबूल करत आहे.

कुठलाही बदल केला की आम्ही लिटरची चाचणी घ्यायचो. टाकी रिकामी करायची, हँडलला एक लिटरची बाटली बांधायची आणि गाडी बंद पडेपर्यंत तलावाकाठच्या रस्त्याने चालवायची. बारा वर्षांपूर्वी अशाच एका चाचणीच्या सकाळी कार्ब्युरेटरचा जेट माझ्या हातून खराब झाला. जेट म्हणजे मधोमध बारीक भोक असलेला पितळेचा इवलासा स्क्रू. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जाते. आमचा एकशे दहा नंबरचा होता. डबीत दुसऱ्या कंपनीचा एकशे दहा सापडला, तो मी बसवायला घेतला.

धाकटा म्हणाला, "दादा, आकड्यावर जाऊ नकोस. भोकात मापाची तार घालून बघ."

मी म्हणालो, "तू तुझं टाइमिंग बघ. मला शिकवू नकोस."

गॅरेजच्या भिंतीवर माझ्याच हाताने रंगवलेली पाटी आहे: मोजल्याशिवाय बसवू नये. मी हे बोललो ते त्या पाटीखाली उभा राहून.

अकराव्या किलोमीटरला, भर वेगात, इंजिन सीझ झाले. पिस्टन आतल्या आत चिकटला आणि मागचे चाक जाम झाले. गाडी धाकटा चालवत होता. त्याच्या डाव्या मनगटाचे तीन तुकडे झाले. त्या हाताने त्याला आजही क्लच दाबता येत नाही. आणि मी दवाखान्याच्या दारात, चारचौघांत म्हणालो, "टाइमिंग चुकवलंस, दुसरं काय!" त्यानंतर तो गॅरेजमध्ये आला नाही.

पुढे पाच वर्षे मी त्या गाडीवरचे फडके काढले नाही. मग एकदा इंजिन बांधायला घेतले, तेव्हा तो जेट हाती लागला. एकशे दहाची तार त्याच्या भोकात जाईना. शंभराची गेली. एक कंपनी भोकाच्या मापाचा आकडा घालते, दुसरी पेट्रोल किती वाहते त्याचा, एवढी साधी गोष्ट. भोक बारीक, म्हणून पेट्रोल कमी पडले, इंजिन तापले, पिस्टन फुगून बसला. टाइमिंगचा काही संबंध नव्हता.

हे मला सात वर्षांपासून ठाऊक आहे. धाकट्याचे घर इथून तीन गल्ल्या पलीकडे आहे. मी गेलो नाही. पडलो तरी नाक वर असे म्हणतात. इथे तर पडला तो, आणि नाक वर माझे.

धाकट्या, चूक माझी होती. तुझे टाइमिंग बरोबर होते. मला लाज वाटते.

कलम ५. मोटारसायकल धाकट्यालाच द्यायची माझ्या मनात होती. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही. मला तो साक्षीदारच हवा आहे. मी गेल्यावर त्याने कलम चार वाचून काय उपयोग? मी समोर बसलेला असताना वाचावे आणि हवे ते तोंडावर बोलावे. म्हणून गाडी त्याच्या मुलीला. गेल्या वर्षी ती चाकात हवा भरायला आली होती. मी कोपऱ्यात दुसऱ्याच कोणाची गाडी चालू करून बसलो होतो, तर लांबूनच म्हणाली, "मोठे काका, हिची टायमिंग चेन सैल झाली आहे." उघडून बघितले, तर खरेच सैल होती. कान बापाचा घेतला आहे पोरीने. माझी सगळी हत्यारे, मापाच्या तारा आणि भिंतीवरची पाटीही तिलाच.

कलम ६. कागद पूर्ण झाल्यावर लेथवाल्याने धाकट्याला बोलावून आणावे. तो आला नाही, तर दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी राहील. तिथे दुसऱ्या कोणाला धरून आणू नये. वकील म्हणाले, "मग हा कागद रद्दीत जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे."

येथवरचा मजकूर मी लिहिला आणि परत वाचला. खाडाखोड फक्त कलम चारमध्ये आहे, तीही माझीच.

ठिकाण: गॅरेजच्या वरची खोली
दिनांक: ९ मार्च

सही: थोरला मेस्त्री

साक्षीदार १: लेथवाला. माझ्यासमोर सही केली. हेड अर्धा मिलिमीटर तासला, हेही खरे.

साक्षीदार २: धाकटा मेस्त्री. माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं. खाली जाऊन, बरोबर आलेल्या पोरीकडून जेट काढून घेतला, तार घातली, माप बरोबर आहे. गाडी चालू करून ऐकली. टाइमिंग दोन अंश पुढे आहे. उद्या सकाळी येऊन लावतो. दादा, तोवर कुठं जाऊ नकोस.